तीन गाठी, एकवीस उंदीर

साहेबानं माझा अंगठा धरला.

हात नाही धरला. अंगठा. आम्ही उंदीर शेपटीनं उचलतो तसा, दोन बोटांत. टेबलावर शाईचं पॅड उघडं होतं. त्यावर त्यानं माझा अंगठा दाबला, इकडून तिकडून घोळवला, आणि कागदाकडं ओढत नेला.

"साहेब, मले सही येते," मी म्हनलं.

"असू दे, असू दे. सहीला फार वेळ लागतो तुला."

बाजूले मॅडम उभी होती. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर काही नव्हतं, गाड्या उभ्या करायची जागा होती. टेबलावर बालुशाहीचा डब्बा होता. साहेबाच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आदल्या दिवशी झालतं, त्याची उरलेली मिठाई त्यानं आमच्यासाठी आणली होती. डब्ब्यापासून एक वीत दूर स्टीलचा ट्रे होता, आणि ट्रेमध्ये एकवीस मेलेले उंदीर. त्याइच्यावर टाकलेलं फडकं ओलं झालतं. वास सुटला होता. त्या वासात साहेबानं एक बालुशाही उचलून तोंडात टाकली, आणि त्याच हातानं माझा अंगठा धरला. तुपाचा चिकटपणा मले माझ्या कातडीवर लागला.

तो चिकटपणा अजून लागते.

मी आता सत्तरी ओलांडलेला माणूस आहो. चौथी शिकलो, तीही तांड्यावरच्या शाळेत, मास्तर येईल त्या दिवशी. हे सारं माझ्या हातानं लिहून राह्यलो. साहेब खोटं बोलला नव्हता, मले वेळ लागते. पण येते.

ते साल कापसाचं वाईट साल होतं. त्याचं मी इथं सांगत नाही. त्यावर लय लोक येऊन लिहून गेले, बांधावर उभं राहून फोटो काढून गेले. मी उंदरांचं सांगतो. ते कोणी लिहिलं नाही.

माझी बायको सोनी. तिले जेवण जायचं बंद झालं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणे, मग उलटी. पुसदच्या डॉक्टरनं आम्लपित्ताची पुडी दिली, सहा महिने तीच पुडी. मग यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणली. त्याइनं नळी घालून पाहिलं, आणि जठरात कॅन्सर आहे म्हणून सांगितलं. अर्धं जठर कापलं. आमाले वाटलं, गेला रोग. चार महिन्यांनी लिव्हरवर दाणे दिसले. मग दर तीन आठवड्यानं सलाइन. पोरगं वावर पाहे, मी तिच्यासोबत दवाखान्याच्या आवारात, टिनाच्या शेडमध्ये राहो.

तिथंच मले काम भेटलं. आवाराच्या मागच्या बाजूले एक बैठी इमारत होती. पाटीवर प्राणीगृह लिहिलं होतं, सारे लोक उंदीरघर म्हणत. तिथं माणूस टिकत नव्हता. वासानं पळून जाय. मी म्हनलं, मी करतो. आमच्या सात पिढ्या जनावराच्या पाठीमागं चालल्या, बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख हिंडल्या. वासाचं मले काय सांगता.

पण हे जनावर वेगळं होतं. त्या उंदराइच्या अंगावर केस नव्हता. गुलाबी, सुरकुतलेले, आताच जन्मलेल्या लेकरावानी. पहिल्या दिवशी मले शिसारी आली. मॅडमनं समजावलं. साहेब तिथला मोठा डॉक्टर, आणि मॅडम म्हणजे त्याच्या हाताखाली शिकणारी पोरगी, मोठ्या परीक्षेसाठी तिले हे काम दिलं होतं. चांगली होती. मले बाबा म्हणे.

"बाबा, यांच्या अंगात रोगाशी लढायची ताकदच नसते. म्हणून माणसाचा कॅन्सर यांच्यात रुजतो."

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा ती घे, आणि बेशुद्ध केलेल्या उंदराच्या जठराले टाका घालून शिवे. कातडीखाली लावला तर गाठ तिथंच वाढते, पसरत नाही, असं ती म्हणे. जठरालेच शिवला तर माणसात जशी वाट धरते तशीच धरते. पोटातल्या पडद्यावर जाते, लिव्हरवर जाते. ती वाट कशी धरते आणि कोणत्या औषधानं अडते, हे पाहायचं होतं. त्यासाठी हे उंदीर.

मी विचारलं, "आमच्या सोनीत बी असाच गेला?"

ती म्हणाली, "हो बाबा. असाच."

त्या दिवसापासून मले त्या उंदराइची शिसारी आली नाही. शिसारी माणसाची आली, ती पुढं.

खोलीत दोन मांडण्या होत्या. डावी पश्चिमेच्या भिंतीले, उजवी दाराजवळ. एकेकीवर तीस डब्बे, एका डब्ब्यात एक उंदीर. डावीकडच्याले औषध नाही, उजवीकडच्याले औषध. रोज सकाळी मी अंग धुवो, वाफेतून काढलेले कपडे घालो, टोपी, मास्क, मोजे. भुसा बदलो, पाणी बदलो. बाहेरचा एक जंतू आत गेला तर हे सारे मरन, असा नियम होता. साहेब मात्र बुटासकट आत ये. पाहुणे घेऊन ये. त्याइचे बूट पाहून मी एकदा बोललो, तर साहेब म्हणाला, "तुझ्या अंगावर जेवढं आहे तेवढं आमच्या बुटाला नाही." पाहुणे हसले. त्यानं फवाऱ्याची बाटली घेतली आणि त्याइच्यासमोर माझ्या हातावर, कोपरावर, गळ्यावर स्पिरिट मारलं. मी सकाळीच अंग धुतलं होतं. तोंडावर बी मारलं. डोळे झोंबले.

"हा आमचा सगळ्यात मोठा उंदीर," तो पाहुण्याइले म्हणाला. "फक्त याला केस आहेत."

सारे हसले. मी बी हसलो.

साहेबाचं बोलणं मी विसरलो असतो. माझं हसणं विसरत नाही. डोळ्यातून पाणी गळून राह्यलं होतं आणि दात काढून मी हसून राह्यलो होतो. लिहितानाही तोंड कडू झालं.

आता माझी चूक सांगतो. ती लपवली तर बाकीचंही खरं वाटणार नाही. उंदराले घरटं करायची लय हौस. डब्ब्यात काही टाकलं की तो ते कुरतडून, फुलवून गोल घर करते, आणि आत झोपते. मॅडम कागदाच्या पट्ट्या दे. मले वाटलं, बिनकेसाचं जनावर, एसीच्या गारव्यात कागदावर कायले झोपते? आमच्या घरी कापूस आहे. माझ्या वावरातला, हातानं सरकी काढलेला पांढरा कापूस मी घेऊन आलो. वाफेत घालून घेतला, आणि एकेका डब्ब्यात मूठ मूठ टाकला. काय घरटे केले त्याइनं! ढगावानी. मले वाटलं, कापसाची कोणालेतरी किंमत आहे.

आठ दिवसात बारा उंदराइचे डोळे लाल झाले, पू आला. त्या उंदराले पापणीचे केस नसते. कापसाचा तंतू डोळ्यात जाऊन बसला होता. चूक माझी. मी कबूल केली. महिनाभर मी एकेकाचे डोळे मिठाच्या पाण्यानं पुसले, सारे बरे झाले. साहेब त्या दिवसापासून मले कापूसवाला म्हणे.

पण त्या महिन्यात रोज साठ डब्बे डोळ्याजवळ धरून पाहता पाहता मले एक गोष्ट दिसली. जो उंदीर धड आहे तो सकाळपर्यंत घरटं पक्कं करते. ज्याचा रोग पसरू लागला, तो कागदाले तोंड लावत नाही. पट्ट्या जशाच्या तशा पडून राहते. पोट फुगायच्या सहा-सात दिवस आधी. वजनात दिसत नाही, चालण्यात दिसत नाही, घरट्यात दिसते. सोनीचं बी तसंच झालतं. जेवण बंद व्हायच्या आधी तिनं अंगण सारवायचं सोडलं होतं, आणि मी तिले आळशी म्हनलं होतं.

मी मॅडमले सांगितलं. तिनं चार-पाच उंदरात तपासलं, खरं निघालं. ती साहेबाकडं गेली. साहेबानं काय म्हनलं ते तिनं मले सांगितलं नाही.

पण मी माझी नोंद ठेवू लागलो. आमची याडी, म्हणजे माझी माय, गाय फळली की दोऱ्याले दर अमावस्येले एक गाठ मारे. गाय कधी विणार ते तिले दोरा पाहून समजे. मी तसंच केलं. डाव्या मांडणीच्या खिळ्याले एक दोरा, उजवीच्या खिळ्याले एक. रोज सकाळी नवा. ज्यानं घरटं केलं नाही त्याची एक गाठ. संध्याकाळी दोरे खिशात.

त्या रविवारी सकाळी डाव्या दोऱ्याले तीन गाठी होत्या. उजव्याले दोन. बाकी साऱ्या उंदराइनं घरटे केलते. पक्के, गोल घरटे. मी पाहिले.

वैशाखाचं ऊन. बाराच्या सुमारास लाईट गेली. एसी बंद. मी जनरेटर लावायले मागं गेलो. जनरेटर जाग्यावर नव्हतं. जमिनीवर तेलाचा डाग आणि चाकाचे वण.

वॉचमन पंखा हलवत बसला होता. "साहेबाच्या घरी कार्यक्रम हाय ना," तो म्हणाला. "लॉनवर नेलं. तिथं बी लाईट जाते म्हनून."

त्याच्या फोनवरून मी साहेबाले फोन लावला. मागं बँड वाजून राह्यला होता.

"साहेब, लाईट गेली. जनरेटर नाही."

"येईल तासाभरात. दार बिलकुल उघडू नको. बाहेरची हवा आत गेली तर रोग लागेल. समजलं का कापूसवाला?"

"साहेब, गरमी—"

फोन बंद.

मी दार उघडलं नाही. पूर्ण एक तास उघडलं नाही. खोलीले खिडकी नाही, वर टिन, पश्चिमेची भिंत तव्यावानी. मी दाराच्या काचेतून पाहत उभा. डाव्या मांडणीवरचे उंदीर घरट्यातून बाहेर आले, डब्ब्याच्या तळाले पोट लावून पसरले, मग तोंडातून लाळ काढून स्वतःच्या अंगाले चोपडू लागले. जनावर आपलं अंग थंड कराले लाळ चोपडते. आणि मी, बैलाले दिवसातून तीनदा पाणी दाखवणाऱ्या घरचा माणूस, साहेबानं सांगितलं म्हणून दाराबाहेर उभा.

मग नाही राहवलं. दार उघडलं. चादरी ओल्या करून दोन्ही मांडण्यांवर टाकल्या, पुठ्ठ्यानं वारा घातला. दाराजवळ उजवी मांडणी होती, तिले हवा लागली. डावी भिंतीले होती, तिले नाही. पाच वाजता लाईट आली तोवर डावीकडचे एकवीस मेले होते, उजवीकडचे चार. मऊ पडले होते. उचलले तर बोटाले कातडी चिकटे. काही उंदीर मरताना आपल्या घरट्याजवळ परत गेले होते, कागद त्याइच्या अंगाले चिकटला होता.

सोमवारी साहेब बाहेरच्या खोलीत आला तो बालुशाही घेऊन. कपाळावर कालचं कुंकू, अक्षता तशाच. मी सारं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. मले वाटलं, आता याले दुःख झालं.

त्यानं ट्रेकडं पाहिलं, मग काचेतून आतल्या मांडण्यांकडं पाहिलं. मग मॅडमले विचारलं,

"डावीकडचे म्हणजे औषध न दिलेले ना?"

"हो सर, पण—"

"तिसातले एकवीस. आणि औषध दिलेले?"

"चार, सर. पण सर, मी सकाळी पाच उघडून पाहिले. एकाचंही लिव्हर—"

"बाकीचे उघडू नको. जाळायला पाठव."

आणि तो हसला. मोकळा हसला. बापानं पोरीचं लग्न जमवल्यावर हसावं तसा. मी तिथंच उभा होतो, आणि मले समजायले वेळ लागला. मॅडमले लागला नाही. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

औषध न दिलेले मेले. औषध दिलेले वाचले. भिंतीच्या उन्हानं मारले, दाराच्या हवेनं वाचवले, आणि हा म्हणून राह्यला होता की औषधानं वाचवले.

त्यानं कागद काढायले सांगितला. खोलीत मी रोज राहतो, म्हणून माझी जबानी पायजे होती. कागद आला, शाईचं पॅड आलं, बालुशाही तोंडात गेली, आणि त्यानं माझा अंगठा धरला.

कागदाले अंगठा टेकणार तेवढ्यात मी हात ओढला. टेबलावर निळा फराटा उमटला.

"पहिले वाचतो," मी म्हनलं.

"वाचतो?" साहेब मॅडमकडं पाहून म्हणाला. "ऐक, आता हा वाचणार."

मी वाचलं. मोठ्यानं वाचलं, मले तसंच येते. एकेक अक्षर लावून. "रविवारी खोलीतील थंडावा नियमित चालू होता. डाव्या मांडणीवरील उंदीर आठवड्यापासून खंगत होते. त्यांची पोटे फुगली होती. ते एकेक करून दगावले." वाचायले किती वेळ लागला असन ते माहीत नाही. साहेबानं दोनदा घड्याळ पाहिलं.

"हे खरं नाही," मी म्हनलं.

"तुला खरं-खोटं काय कळतं रे यातलं?"

मी खिशातून दोरा काढला. "काल सकाळी तीन गाठी. तीनच आजारी होते. या एकविसातल्या बाकी अठराइनं घरटं केलतं. विचारा मॅडमले, त्याइले माहीत आहे. नाही तर पोट फाडून पाहा, लिव्हर साफ निघन."

मॅडमनं मान खाली घातली.

साहेबाचा आवाज मग गोड झाला. शिवी परवडली असती. तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला, पहिल्यांदा. म्हणाला, "बाबा, तुझी बायको वरच्या वॉर्डात आहे ना? लिव्हरवर गेलाय तिचा. सलाइन आता चालत नाही, मला माहिती आहे. हे औषध पास झालं ना, तर पहिला नंबर तिचा. माझा शब्द. आणि नाही केलंस, तर डोळ्यांचं प्रकरण आहेच. घाणेरडा कापूस आणून तूच मारलेस म्हणून लिहावं लागेल. मग तू कुठे, ती कुठे. विचार कर."

खोटं कायले सांगू. सोनीचं नाव घेतल्यावर माझ्या मनात आलं, देऊन टाक अंगठा. उंदीर तर मेलेच आहे.

मग मी ट्रेकडं पाहिलं. फडक्याखालून एकाची शेपटी बाहेर आली होती.

ते औषध कामाचं आहे की नाही, हे कोणालेच माहीत नव्हतं. साहेबाले बी नाही. असन बी कामाचं. पण ते पाहायसाठीच हे उंदीर होते, त्याच्यासाठीच त्याइच्या जठराले कोण्या तरी बाईची, कोण्या तरी बाप्याची गाठ शिवली होती. आणि आता ते कधीच माहीत होणार नव्हतं. अंदाजानं सोनीच्या हातात सुई घालतील. ती बरी झाली नाही तर म्हणतील, उंदीर वाचले होते, हिचंच नशीब. आणि मी तिच्या उशाशी बसून त्या थेंबाकडं पाहीन, सारं माहीत असून.

मले साहेबाची किळस आली. त्याच्या कपाळावरच्या कुंकवाची, तुपकट बोटांची, बाबा म्हणणाऱ्या तोंडाची. त्याहून जास्त माझ्या निळ्या अंगठ्याची आली. एवढे दिवस तो कोणी बी धरावा असा लोंबकळत ठेवला होता मी.

"पेन द्या," मी म्हनलं.

त्याले वाटलं, जमलं. सही करते म्हातारा, करू दे. त्यानं खिशातला पेन काढून दिला.

मी छापलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं. सावकाश लिहिलं. "लाईट गेली. जनरेटर साहेबाच्या घरी होतं. दार मी तासभर बंद ठेवलं, साहेबानं सांगितलं म्हणून. उंदीर गरमीनं मेले. सकाळी तीनच आजारी होते." खाली सही. पूर्ण नाव, बापाचं नाव, तांड्याचं नाव.

साहेबानं वाचलं. कागद चार ठिकाणी फाडला.

"तांड्यावरून उचलून माणसात आणलं तुला," तो ओरडला. "उंदरं साफ करायची लायकी तुझी. चल, निघ. बाहेर हो."

"उंदरं साफच होते, साहेब," मी म्हनलं. "मी तुमच्याहून वयानं मोठा आहो. अंगाले हात लावू नका. जातो."

माझ्या हातातला दोरा त्यानं हिसकला आणि कोपऱ्यातल्या पिवळ्या बादलीत फेकला. त्या बादलीत जाळायचा माल टाकत. मॅडमनं सकाळी फाडलेल्या पाच उंदराइच्या पोटातलं सारं त्यातच होतं. मी कोपरापर्यंत हात घातला. आतडी लागली, काहीतरी फुटलं, मी दोरा शोधला, काढला. साहेब नाक दाबून मागं सरकला. मी दोरा त्याच्यासमोर धरून नळाखाली धुतला, हात धुतले, आणि निघालो. मिठाईचा डब्बा तसाच उघडा होता. माशी बसली होती.

वर वॉर्डात सोनी जागी होती. आम्ही आमच्या बोलीत बोललो, इथं मराठीत लिहितो. मी सारं सांगितलं. औषधाचा पहिला नंबर तिचा होता, तेही सांगितलं. ते लपवलं असतं तर मी साहेबच झालो असतो.

तिनं माझा हात ओढून निळा अंगठा पाहिला.

"सही पुरी केली का?" ती म्हणाली. "का अर्धीच झाली अन् हाकललं? तुमची सही व्हईस्तोवर बैल चरून येते."

"पुरी केली."

"बापाच्या नावासकट?"

"हो."

"आन बालुशाही? खाल्ली तर नाई?"

"नाही."

"हं." मग चादर बाजूले सारून म्हणाली, "मले घरी न्या. इथं वास येते."

दुसऱ्या दिवशी तिचं नाव वॉर्डातून काढलंच होतं. आम्ही तांड्यावर आलो. कापसाच्या पऱ्हाटीले पात्या, म्हणजे कळ्या, धरल्या तेव्हा ती गेली. लय दुखून गेली. मी बरोबर केलं म्हणून तिचं दुखणं कमी झालं, असं काही झालं नाही. कोणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

काही वर्षांनी यवतमाळच्या बसस्टँडवर मॅडम भेटली. आता तीच मोठी मॅडम झाली होती. मले ओळखलं. म्हणाली, "बाबा, ते औषधाचं संशोधन छापून आलं. त्यात माझंही नाव आहे. मी तेव्हा बोलू शकले नाही."

"आता बोला," मी म्हनलं.

तिची बस लागली होती. ती चढून गेली.

दोरा माझ्याजवळ आहे. पिवळा पडला, तीन गाठी तशाच आहे. तो घेऊन मी कुठं कुठं गेलो ते सांगत बसत नाही. दोऱ्याले पुरावा म्हणत नाही, असं मले लय ठिकाणी सांगितलं. खुर्चीत बसलेल्या माणसाइनं सांगितलं, नाक दाबून.

म्हणून मी दुसरं काम धरलं. दर सोमवारी एसटीनं यवतमाळले जातो. दवाखान्यात ऑपरेशनच्या दाराबाहेर लोक कागद घेऊन बसले राहते. वणीचे, मारेगावचे, आमच्या तांड्यांवरचे. कागदावर काय आहे ते कोणाले माहीत नाही, अंगठ्याले शाई मात्र लागलेली. मी त्याइच्या बाजूले बसतो आणि कागद वाचून देतो. तुमचं काय कापणार, कापलेलं कुठं जाणार, कोणतं औषध देणार, ते आधी कोणाले देऊन पाहिलं, हे विचारा म्हणतो. वॉचमननं मले तीनदा बाहेर काढलं. म्हणून आता मी गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बसतो. लोक तिथं येते. ज्या सोमवारी माझे डोळे काम करणार नाही, त्या सोमवारी दुसऱ्या कोणाच्या तोंडून वाचून घेईन, पण जाईन.

मागच्या सोमवारी एक बाई आली. नवऱ्याले आत नेलं होतं. अंगठा निळा, हातात तीन पानं. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं, बोट ठेवून. अर्धं पान झालं तेवढ्यात आतून एक पांढऱ्या कोटाचा पोरगा धावत आला.

"ओ आजोबा, लवकर आटपा," तो म्हणाला. "डॉक्टर थांबलेत तिकडे."

"थांबू दे," मी म्हनलं, आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.